यादीतली माणसं

येत्या महिन्यात मी आमची सात वर्षांची स्विफ्ट घेऊन पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जाणार आहे. तिथे साधारण ३.७ किलोमीटर लांबीचा रेस ट्रॅक आहे. माझा हा पहिलाच ट्रॅक डे. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. नंबर लागत नाहीत, कप मिळत नाही. पैसे भरायचे, रोजचीच गाडी न्यायची आणि समोरून ट्रक, डावीकडून रिक्षा आणि मधूनच म्हैस येणार नाही अशा रस्त्यावर ती कशी पळते ते थोड्या थोड्या वेळाच्या सत्रांत बघायचं, एवढंच.

नोंदणी झाल्यावर व्हॉट्सॲपवर एक यादी आली. ब्रेक ऑईल नवं हवं. ब्रेक पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक हवेत. टायरला कट किंवा फुगवटा नको. चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळलेले हवेत. बॅटरी हलता कामा नये. गाडीत एकही सुटी वस्तू नको. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, सुती कपडे, बंद बूट. सकाळच्या ब्रीफिंगला गैरहजर राहणाऱ्याला ट्रॅकवर सोडणार नाही.

मी इतिहास शिकलो आहे, त्यामुळे कुठलीही यादी दिसली की ती कुणी, कधी आणि कशामुळे लिहिली असेल, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय गाडी घरातली एकुलती एक आहे. बाबांना दर महिन्याला तपासणीला तिच्यातूनच न्यावं लागतं. आणि आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी यांतलं नुकसान धरत नाहीत. ट्रॅकवर काही वाकलं तर ते माझ्या पगारातून सरळ होणार. म्हणून यादीतली एकेक ओळ नीट वाचत गेलो. बहुतेक ओळींखाली कुणीतरी माणूस सापडला. काही मेलेले, काही वाचलेले, एक-दोन नुसते हट्टी.

पण आधी ट्रॅकच का, हा प्रश्न. आईने तोच विचारला होता, “रस्ते काय कमी आहेत का?”

२४ मे १९०३ रोजी पॅरिसहून माद्रिदला जाणारी शर्यत सुरू झाली. रस्ता रोजचाच, मातीचा. दुतर्फा बघ्यांची गर्दी, मध्ये येणारी कुत्री आणि पुढच्या गाडीच्या धुरळ्यात काहीही न दिसणारे चालक. लुई रेनॉ यांचा भाऊ मार्सेल रेनॉ याच शर्यतीत गेला. इतरही चालक गेले, बघे गेले. फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली. इंजिन सुरू करायलाही मनाई झाली. घोडे जुंपून गाड्या रेल्वे स्टेशनावर ओढत नेल्या आणि आगगाडीने परत पाठवल्या. त्या काळच्या जगातल्या सर्वांत वेगवान मोटारी घोड्यांमागे निमूटपणे चालल्या आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

चारच वर्षांनी, १९०७ मध्ये, इंग्लंडमध्ये ब्रूकलँड्स हा खास मोटारींसाठीचा ट्रॅक उघडला. तिथल्या रस्त्यांवर तेव्हा ताशी २० मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची मर्यादा होती. गाडी खरंच किती पळते हे तपासायला जागाच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर तर रिकाम्या पडलेल्या धावपट्ट्याच हाताशी होत्या. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड हे दोन्ही ट्रॅक १९४८ मध्ये अशाच हवाई तळांवर सुरू झाले. आपल्याकडे मद्रासच्या उत्तरेला शोळावरमला युद्धकाळातली धावपट्टी होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे अनेक वर्षं शर्यती भरवल्या. फियाट, हेराल्ड, अँबॅसडर, घरी ज्यातून भाजी आणायची त्याच जातीच्या गाड्या तिथे पळत. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक हा त्याच क्लबचा पुढचा मुक्काम, १९९० च्या सुमाराचा. म्हणजे रोजची गाडी ट्रॅकवर नेणारा मी काही पहिला वेडा नाही.

आता ब्रेक. यादीत वेगाबद्दल एक अक्षर नाही, हे लक्षात आलं का? इंजिन, टर्बो, सायलेन्सर, काही नाही. पहिल्या दोन ओळी थांबण्याबद्दल आहेत.

मी गॅरेजवाल्या काकांना म्हटलं, ब्रेक ऑईल बदलून द्या. ते हसले. “अरे, गळत नाही, कमी झालं नाही, बदलायचं कशाला? तुझ्या बाबांनी कधी बदललंय?” काका चुकत नव्हते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत त्याने सहसा काही अडत नाही. अडतं ते उष्णतेत. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं कोरं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा निकष आहे. ओल शिरलेल्या त्याच ऑईलसाठी तो निकष १५५ अंशांवर येतो. डॉट ३ चे आकडे आणखी खाली, २०५ आणि १४०. ट्रॅकवर दर फेरीत अनेकदा वेगावरून कचकचीत ब्रेक मारायचे म्हणजे ही उष्णता साठत जाते. ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पायाखालचा पेडल मऊ पडतो आणि मग थेट तळाला जातो.

खंडाळ्याचा किंवा वरंधाचा घाट उतरताना पुढच्या ट्रकमधून येणारा जळका वास आठवा. तो ब्रेकच्या लायनिंगचा. म्हणून तर जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. ट्रॅक म्हणजे दर काही सेकंदांनी येणारा घाटच आहे, फक्त सपाट.

हा प्रश्न शर्यतवाल्यांना फार आधी पडला. ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तेव्हा जवळपास सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला काटकोनी वळण. ड्रम ब्रेक बंद डब्यासारखा असतो. आतली उष्णता आतच राहते, ड्रम तापून फुगतो आणि लायनर त्याला नीट टेकत नाहीत. विमानांच्या चाकांना डिस्क ब्रेक लागले होते. डनलॉप आणि जॅग्वार यांनी ते मोटारीत आणले. १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉसने फ्रान्समधल्या रॅंसला डिस्कवाल्या जॅग्वारने शर्यत जिंकली आणि १९५३ मध्ये रोल्ट आणि हॅमिल्टन या जोडीने ल मां मारलं, चोवीस तासांची सरासरी ताशी १७० किलोमीटर. इतरांना वळणाच्या खूप आधी पाय द्यावा लागे, हे उशिरापर्यंत थांबत. जास्त वेगाने जायचं रहस्य थांबता येण्यात निघालं. आमच्या स्विफ्टला पुढे डिस्क आहेत, मागे अजून ड्रमच. काकांना हे सगळं सांगितलं नाही. ऑईल मात्र त्यांनी बदललं, आणि जुनं बाटलीत काढून उजेडात धरल्यावर चहाच्या रंगाचं निघालं तेव्हा स्वतःहून म्हणाले, “बाबांच्या स्कूटरचंही बघू.”

टायरची ओळ वाचताना इटलीतलं ग्विदित्सोलो गाव आठवतं. १२ मे १९५७, मिले मिलिया, सार्वजनिक रस्त्यांवरून साधारण सोळाशे किलोमीटरची शर्यत. अल्फोन्सो दे पोर्तागो या स्पॅनिश सरदाराच्या फेरारीचा टायर फुटला. तो गेला, शेजारी बसलेला एडमंड नेल्सन गेला आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ जण गेले. त्यांतली पाच लहान मुलं होती. एन्झो फेरारींवर खटला चालला, १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. मिले मिलिया मात्र त्या रूपात पुन्हा झाली नाही.

माझे टायर दिसायला छान होते. नक्षी खोल होती. पण टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात, ते वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं. पुढचे दोन बदलले आणि महिन्याचं बजेट तिथेच आडवं झालं. हवेचंही एक गणित आहे. टायर तापला की आतला दाब वाढतो, म्हणून प्रत्येक सत्रानंतर मोजायचा आणि जास्तीची हवा सोडायची. घरी परत निघताना, थंड टायरमध्ये, ती पुन्हा भरायची.

सुट्या वस्तू: स्टेपनी, जॅक, पायपुसण्या, बाटल्या, छत्री, सगळं बाहेर. डॅशबोर्डवर आईने चिकटवलेला गणपतीही. तो गाडीबरोबर नको, हे तिला सांगणं यादीतलं सगळ्यात अवघड काम होतं.

हेल्मेटची गोष्ट ब्रूकलँड्सच्याच एका डॉक्टरची. एरिक गार्डनर तिथे जखमी मोटरसायकलस्वारांवर उपचार करत. फुटलेली डोकी बघून त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचं हेल्मेट करवून घेतलं. आधी त्याला विरोध झाला, मग १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते सक्तीचं झालं. माझ्या हेल्मेटच्या आत ‘स्नेल’ असं स्टिकर आहे. मला ते कंपनीचं नाव वाटायचं. पीट स्नेल हा अमेरिकेतला हौशी चालक होता. १९५६ मध्ये शर्यतीत त्याची गाडी उलटली, डोक्यावरचं हेल्मेट कामाला आलं नाही आणि तो गेला. पुढच्या वर्षी त्याच्या मित्रांनी हेल्मेट तपासणारी संस्था काढली. हौशी माणूस, सुट्टीच्या दिवशी. म्हणजे आपल्यातलाच.

आणि बेल्ट. इथे मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो, कारण हा इतिहास नकाराचा आहे.

व्होल्वोच्या निल्स बोलिनने तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये आणला. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं शर्यतीतले चालक बेल्ट नको म्हणत. त्यांचं म्हणणं खुळचट नव्हतं. पेट्रोलच्या टाक्या अंगाला लागून असत. अडकून जळण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं, असा त्यांचा हिशोब होता. १२ जून १९६६ रोजी बेल्जियममधल्या स्पाला पहिल्याच फेरीत पावसाने गाठलं आणि जॅकी स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून एका शेतघराजवळ जाऊन पडली. स्टिअरिंगखाली पाय अडकलेला, अंगावर पेट्रोल सांडलेलं. सोडवायला ट्रॅकचा एकही माणूस नव्हता. ग्रॅहॅम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट हे त्याचेच प्रतिस्पर्धी थांबले आणि एका प्रेक्षकाच्या गाडीतून पाना मागून आणून त्यांनी स्टिअरिंग सोडवलं. याला सुमारे पंचवीस मिनिटं लागली. एक ठिणगी पुरली असती. पुढे ॲम्ब्युलन्स रस्ता चुकली, ते वेगळंच.

त्यानंतर स्टुअर्ट स्टिअरिंगजवळ टेपने पाना चिकटवून फिरू लागला. बेल्ट, कठडे, डॉक्टर, आग विझवणारी माणसं यांसाठी त्याने आयोजकांशी भांडणं केली. तो खेळातलं साहस मारतोय, भित्रा आहे, असं लिहिणारे होते. या भित्र्याने १९६९, १९७१ आणि १९७३ असं तीनदा जगज्जेतेपद मिळवलं. फॉर्म्युला वनमध्ये बेल्ट सक्तीचा व्हायला १९७२ उजाडलं. आपण हसू नये. २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटवर बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं, आणि मागे बसणाऱ्यानेही बेल्ट लावायचा असतो हे देशाला बातमीसारखं कळलं.

राहिला चालक. गाडीची तयारी गॅरेजात होते, माझी कुठे? इथे मला डेनिस जेन्किन्सन आवडतो. दाढीवाला, बुटका, व्यवसायाने पत्रकार. १९५५ च्या मिले मिलियात तो स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसला. आधी दोघांनी तो सगळा रस्ता अनेकदा पालथा घातला. कुठल्या टेकाडामागे काय आहे हे जेन्किन्सनने कागदाच्या एका लांब पट्टीवर लिहिलं आणि ती ॲल्युमिनियमच्या डब्यात रुळावर गुंडाळली. उघड्या गाडीत बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत त्यांनी शर्यत जिंकली. तो विक्रम कुणालाच मोडता आला नाही.

माझी पट्टी एवढी लांब नाही. ट्रॅकचा नकाशा वहीत काढलाय, वळणांना नंबर दिलेत. ब्रेक सरळ रेषेत असताना मारायचा, वळणात नाही. नजर बोनेटवर नाही, पुढच्या वळणाच्या तोंडाशी. मागून वेगवान गाडी आली तर हात दाखवून तिला जाऊ द्यायचं. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश आत या. शेवटच्या फेरीत ब्रेक न वापरता गाडी निवू द्यायची आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या ब्रेकला तो चिकटून बसू शकतो.

यादीतली अगदी शेवटची ओळ अशी: आधी बेल्ट, मगच इंजिन सुरू. ती वाचली की ल मां १९६९ आठवतं. तिथे चालकांनी रस्त्यापलीकडून धावत येऊन गाडीत उड्या मारायच्या आणि सुटायचं अशी जुनी प्रथा होती. घाईत बेल्ट कोण लावणार? त्या वर्षी सगळे धावले, जॅकी इक्स मात्र चालत गेला. शांतपणे बसला, बेल्ट लावला आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. पहिल्याच फेरीत जॉन वूल्फ हा खासगी चालक अपघातात गेला. चोवीस तासांनी इक्स जिंकला, दुसऱ्या गाडीच्या जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर पुढे. पुढच्या वर्षी धावत सुटण्याची प्रथा बंद झाली.

शर्यतीनंतर इक्स आपल्या साध्या पोर्शेने पॅरिसकडे निघाला होता. शार्त्र गावाजवळ एक गाडी त्याच्या आडवी आली आणि पोर्शे टेलिफोनच्या खांबावर जाऊन चेपली. इक्सने बेल्ट सोडला आणि तो दार उघडून बाहेर आला.