मतांनी ठरलेला विजेता
(अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा १९५० चा मोसम)

कोणत्याही खेळात पहिला कोण, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. कुस्तीच्या फडात ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. तेथे वाद उरत नाही. परंतु ज्या खेळात शंभराहून अधिक संघ आहेत, प्रत्येक संघ वर्षातून जेमतेम नऊ-दहा सामने खेळतो आणि शेवटी सर्वांना एका मैदानात आणणारी स्पर्धाच नाही, तेथे पहिला कोण हे ठरवायचे कसे? अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलने या प्रश्नाला जे उत्तर शोधले, ते मोठे चमत्कारिक होते. तेथे देशातील विजेता मैदानावर ठरत नसे. तो मतांनी ठरत असे. या पद्धतीची पुरी परीक्षा पाहणारा एक मोसम १९५० साली होऊन गेला. त्याचीच हकीगत आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. हकीगत खेळाची असली तरी तिच्यातला प्रश्न खेळापुरता नाही. छापून आलेल्या अनुक्रमाला निकाल समजावे की मत, हा तो प्रश्न होय.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकन ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक वेळ हातात असतो. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ एकमेकांच्या हद्दीत घुसू पाहतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर तो प्रतिपक्षाला द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण, आणि त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून पार केला की आणखी एक. हा एक गुण श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे. सप्टेंबरात मोसम सुरू होई आणि डिसेंबरच्या आरंभी संपे. विद्यापीठे आपापल्या प्रांतांतील गटांत खेळत. पूर्वेकडचा संघ आणि पश्चिमेकडचा संघ यांची गाठ क्वचितच पडे.

अशा स्थितीत तुलना कशी करावी? पहिला नाव घेण्याजोगा प्रयत्न एका प्राध्यापकाने केला. इलिनॉय विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे फ्रँक डिकिन्सन यांनी १९२६ साली एक गणिती पद्धत पुढे मांडली. बलाढ्य संघाला हरवले तर तीस गुण, दुबळ्या संघाला हरवले तर वीस. बलाढ्य संघाकडून हार झाली तरी पंधरा, दुबळ्याकडून झाली तर दहा. या गुणांची सरासरी काढून संघांचा क्रम लावायचा. पद्धत सुटसुटीत होती आणि १९४० पर्यंत ती चालली. तिच्या पाठोपाठ आणखी कित्येकांनी आपापली गणिते बाजारात आणली. मात्र या सर्व गणितांत एक गोम होती. बलाढ्य कोण आणि दुबळा कोण हे आधी माणसालाच ठरवावे लागे, आणि गणित सुरू होई ते त्यानंतर.

दुसरा मार्ग वर्तमानपत्रांचा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे क्रीडासंपादक अ‍ॅलन गोल्ड यांनी १९३५ साली स्वतःच एक यादी केली आणि मिनेसोटा, प्रिन्स्टन व सदर्न मेथॉडिस्ट या तीन विद्यापीठांना मिळून पहिले स्थान दिले. मिनेसोटाचे चाहते इतके खवळले की त्यांनी गोल्डसाहेबांच्या पुतळ्याला फाशी दिली, असे सांगतात. तेव्हा एकट्याने शिव्या खाण्यापेक्षा त्या पुष्कळांत वाटून घ्याव्यात, या व्यवहारी विचाराने म्हणा, १९३६ च्या ऑक्टोबरपासून देशभरच्या क्रीडावार्ताहरांची मते दर आठवड्याला मागवण्याची प्रथा सुरू झाली. प्रत्येक मतदाराने दहा संघांची नावे क्रमाने लिहायची. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असे करीत दहाव्याला एक. सर्वांची बेरीज म्हणजे त्या आठवड्याची क्रमवारी. दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत वाचकांना वादाला विषय मिळावा, हा आपला हेतू होता, हे गोल्ड यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले. म्हणजे यादीचा जन्म न्याय करण्यासाठी झालाच नव्हता. तो वाद लावून देण्यासाठी झाला होता. न्यायाधीशाची झूल तिच्या अंगावर लोकांनी नंतर चढवली.

आता या यादीचे कुलूप केव्हा लावायचे, हा प्रश्न होता. मोसम संपल्यावर नववर्षाच्या सुमारास काही निवडक संघांचे खास सामने होत. कटोऱ्याच्या आकाराच्या क्रीडांगणांवरून त्यांना 'बोल' हे नाव पडले. पॅसाडेनाचा रोझ बोल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल, मायामीचा ऑरेंज बोल आणि डॅलसचा कॉटन बोल हे त्यांतले मुख्य. वृत्तसंस्थेची शेवटची यादी या सामन्यांच्या आधीच निघे. हा निव्वळ मूर्खपणा होता असे मात्र कोणी समजू नये. बोल सामने म्हणजे त्या त्या शहराचा उत्सव; त्यांना आमंत्रण काहींनाच येई. नॉटर डेमसारखे नामांकित विद्यापीठ त्या काळी बोल सामन्यांना जातच नसे. प्रिन्स्टनचीही तीच गोष्ट. मग ज्यांना ही जादा संधी नाही त्यांच्यावर अन्याय का करावा, असा हा युक्तिवाद होता आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता.

पण १९४७ च्या मोसमाने त्याला पहिला तडा दिला. शेवटच्या यादीत नॉटर डेम पहिले आणि मिशिगन दुसरे होते, दोघेही अपराजित. नॉटर डेमने सदर्न कॅलिफोर्नियाला ३८-७ असे हरवले होते. त्यानंतर १ जानेवारी १९४८ रोजी रोझ बोलमध्ये त्याच संघाला मिशिगनने ४९-० असे चिरडले. एवढा गलबला झाला की वृत्तसंस्थेने पुन्हा मते मागवली. मिशिगनला २२६ आणि नॉटर डेमला ११९ मते पडली. परंतु ही दुसरी मोजणी अधिकृत नाही, असे वृत्तसंस्थेने जाहीर केले आणि विजेतेपद नॉटर डेमकडेच राहिले. मतदारांचे मत बदलले होते. नोंद बदलली नाही.

आणि मग आला १९५० चा मोसम. या वर्षी दोन नव्या गोष्टी घडल्या. युनायटेड प्रेस या प्रतिस्पर्धी वृत्तसंस्थेने प्रशिक्षकांची मते घेऊन आपली वेगळी क्रमवारी सुरू केली. दुसरी गोष्ट अधिक कौतुकाची. असोसिएटेड प्रेसने मोसम सुरू होण्यापूर्वीच, एकही सामना झालेला नसताना, पहिली यादी छापली. तिच्यात अग्रस्थान नॉटर डेमला मिळाले. हा संघ ३८ सामने अपराजित होता, तेव्हा मतदारांचे चुकले असे कोण म्हणेल? पण ७ ऑक्टोबरला पर्ड्यूने त्याला २८-१४ असे हरवले, आणि मोसमाअखेर नॉटर डेमच्या नावावर चार विजय, चार पराभव व एक बरोबरी एवढीच कमाई होती. आदल्या वर्षाच्या कीर्तीवर यंदाचे मत दिले की असे होते.

ओक्लाहोमा मात्र जिंकत गेला. बड विल्किन्सन या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याची विजयमालिका आधीपासूनच चालू होती. १४ ऑक्टोबरला टेक्सासशी गाठ पडली, तेव्हा ती मालिका तुटण्याच्या बेतात होती. अखेरीस ओक्लाहोमाने १४-१३ असा विजय मिळवला. श्रोत्यांनी ध्यानात ठेवलेला तो एक गुण हाच! टेक्सास नेहमीच्या मोसमात याखेरीज एकही सामना हरला नाही. एक संघ पहिला ठरला, दुसरा तिसरा. दोघांमधले अंतर एका लाथेचे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अखेरची यादी निघाली. पहिला ओक्लाहोमा, दुसरा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा आर्मी, तिसरा टेक्सास, चौथा टेनेसी, पाचवा कॅलिफोर्निया, सहावा प्रिन्स्टन, सातवा केंटकी. कुलूप लागले. खेळ मात्र संपला नव्हता.

२ डिसेंबरला फिलाडेल्फियात आर्मीचा नेव्हीशी परंपरागत सामना झाला. आर्मीने त्या मोसमात एकही सामना हरला नव्हता. नौदलाच्या संघाने आठांपैकी केवळ दोन जिंकले होते. नेव्हीने आर्मीला १४-२ असे नमवले. १ जानेवारी १९५१ रोजी कॉटन बोलमध्ये टेनेसीने टेक्सासला २०-१४ असे हरवले. त्याच दिवशी रोझ बोलमध्ये अपराजित कॅलिफोर्नियाला मिशिगनने १४-६ असे पाडले. या मिशिगनच्या पदरी त्याआधी तीन पराभव होते. आणि न्यू ऑर्लिन्सला शुगर बोलमध्ये खुद्द ओक्लाहोमाची गाठ केंटकीशी पडली. केंटकीचे प्रशिक्षक होते पॉल 'बेअर' ब्रायंट. पूर्वार्धातच केंटकीने १३-० अशी आघाडी घेतली. ओक्लाहोमाला गुण मिळाले ते शेवटच्या चौथ्या भागात, आणि तेही सातच. १३-७. सलग ३१ विजयांची मालिका तेथे संपली. यादीतल्या पहिल्या पाच संघांपैकी चार संघ कुलूप लागल्यावर हरले होते. तरी नोंदीत विजेता ओक्लाहोमाच राहिला, दोन्ही वृत्तसंस्थांचा.

मग खरा पहिला कोण? केंटकी म्हणावे तर त्याला टेनेसीने २५ नोव्हेंबरला ७-० असे हरवले होते. टेनेसी म्हणावे तर त्याला मिसिसिपी स्टेटने हरवले होते, आणि तो संघ यादीत वरच्या जागी कोठेच नव्हता. प्रिन्स्टन एकही सामना हरले नाही. पण ते या बलाढ्यांपैकी कोणाशी खेळलेच नाही. 'अ' ने 'ब' ला हरवले, 'ब' ने 'क' ला, म्हणून 'अ' हा 'क' पेक्षा श्रेष्ठ, हे तर्कशास्त्र शनिवारच्या मैदानावर चालत नाही. आज ओक्लाहोमा, टेनेसी, केंटकी आणि प्रिन्स्टन ही चारही विद्यापीठे १९५० चे विजेतेपद आपल्या खात्यात मांडतात, आणि प्रत्येकाजवळ आपल्या बाजूचे कोणते तरी गणित किंवा मत आहे. खुद्द महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने वरच्या श्रेणीतले विजेतेपद स्वतः कधी दिलेच नाही. इतरांनी केलेल्या निवडी ती आपल्या नोंदपुस्तकात छापते इतकेच.

येथवर आम्ही यादीत असलेल्यांविषयी बोललो. यादीत जे नव्हते त्यांचे काय? दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतही उत्तम फुटबॉल खेळला जाई. पण देशाच्या या क्रमवारीत त्यांचा विचार होत नसे. त्यांचे विजेते 'पिट्सबर्ग कुरिअर' हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र १९२० पासून वेगळे निवडीत असे. त्या शुगर बोलमध्ये खेळलेल्या दोन्ही संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ओक्लाहोमात प्रेंटिस गॉट १९५६ साली आला. केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन १९६७ साली मैदानात उतरला. तेव्हा 'देशातला पहिला' या शब्दांतला देश केवढा होता, हेही विचारले पाहिजे. यादीतल्या चुका दिसतात आणि त्यांवर भांडता येते. यादीबाहेरच्यांसाठी भांडायला कोणी उभा राहत नाही.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो. १९६५ च्या मोसमात असोसिएटेड प्रेसने बोल सामने होईपर्यंत कुलूप लावले नाही. नेमके त्याच वर्षी पहिले तिन्ही संघ नववर्षदिनी हरले आणि चौथा अलाबामा पहिला झाला. त्याचे प्रशिक्षक होते तेच ब्रायंट! १९६८ पासून ही प्रथा कायम झाली. दुसरी वृत्तसंस्था १९७३ पर्यंत जुन्या वाटेने गेली. त्या वर्षी तिने निवडलेला अलाबामा शुगर बोलमध्ये नॉटर डेमकडून २४-२३ असा हरला, तेव्हा १९७४ पासून तीही शहाणी झाली. २०१४ च्या मोसमापासून चार संघांची आणि २०२४ पासून बारा संघांची अंतिम स्पर्धा होऊ लागली. तरीसुद्धा स्पर्धेत कोणाला घ्यायचे याचा अखेरचा शब्द एका समितीचा असतो. बारावा आत आणि तेरावा बाहेर. मत दारातून गेले ते खिडकीतून परत आले.

म्हणून मत घेणे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. जेथे सर्वांची गाठ घालता येत नाही तेथे जाणत्यांना विचारण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. परीक्षांचे निकाल, ग्रंथांची पारितोषिके, शहरांचे आणि शाळांचे अनुक्रम, सगळीकडे आपण हेच करतो. आमचे म्हणणे इतकेच की यादी हाती आली की तिला तीन प्रश्न विचारावेत. मते कोणी दिली? कोणत्या तारखेला दिली? आणि कोणाचा विचारच झाला नाही? १९५० च्या यादीला हे प्रश्न विचारले की ती खोटी ठरत नाही. ती नोव्हेंबरअखेरचे काही माणसांचे मत ठरते. ते मत प्रामाणिक होते. त्यावर विजेत्याचा शिक्का बसला आणि पुढे खेळ चालू असतानाही तो निघाला नाही, दोष असेल तर तो तेथे आहे.