रक्तदोषाचा सिद्धान्त आणि काळ्यांचा पक्षाघात

अमेरिकेतील काळ्या माणसाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते त्याच्या कवितेविषयी, संगीताविषयी आणि लढ्याविषयी. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि त्याच नावापासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पण हा माणूस मरतो कशाने, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. मला तो विचारावासा वाटतो. कारण त्याच्या मरणाची जी मीमांसा गोऱ्या विद्वानांनी केली, तिची जात आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

पक्षाघात, खेड्यात ज्याला लकवा म्हणतात तो, म्हातारपणाचा रोग समजला जातो. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि माणसाची एक बाजू जाते. २००३ साली अलाबामा विद्यापीठाच्या पुढाकाराने अमेरिकेत पंचेचाळीस वर्षे व त्यापुढील तीस हजारांहून अधिक काळ्या-गोऱ्या स्त्रीपुरुषांची पाहणी सुरू झाली. तीत असे दिसले की, ४५ ते ५४ या वयात काळ्यांतील पक्षाघाताचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे चौपट आहे. पंच्याऐंशीच्या पुढे मात्र हा फरक उरत नाही. म्हणजे हा रोग काळ्याला ऐन कमावत्या वयात गाठतो. घर चालवणारा हातच लुळा पडतो.

असे का व्हावे? जुने उत्तर तयारच होते : त्यांचे रक्तच तसे! १८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या प्रुडेन्शियल विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहून सांगितले की, काळ्यांचा वाढता मृत्युदर त्यांच्या वंशगुणांतून येतो, परिस्थितीतून नव्हे. याच कंपनीने १८८१ साली, काळ्या विमेदाराला गोऱ्यापेक्षा एक तृतीयांश कमी रक्कम द्यायची, असे ठरवले होते. शास्त्राचा निष्कर्ष आणि तिजोरीचा हिशेब इतका तंतोतंत जुळला, यात नवल ते काय?

या सिद्धान्ताला डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी आकड्यांनीच उत्तर दिले. १९०६ साली अटलांटा विद्यापीठातून त्यांनी काळ्यांच्या आरोग्याचा अहवाल काढला. लोकांची विभागणी सामाजिक व आर्थिक स्थितीनुसार केली, तर वंशाचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही, हे त्याचे सार होते.

पुढचा इतिहास पाहा. उत्तर व दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, आर्कान्सा, टेनेसी या राज्यांना अमेरिकेतील वैद्यक 'पक्षाघाताचा पट्टा' म्हणते. ही सारी एकेकाळची गुलामगिरीची राज्ये. या पट्ट्यात गोऱ्यांनाही इतर प्रांतांतील गोऱ्यांपेक्षा पक्षाघाताने अधिक मरण येते. मग त्यांचेही रक्त वेगळे म्हणायचे का?

१९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने इस्पितळे बांधायला सरकारी पैसा दिला आणि काळ्यांसाठी वेगळी सोय ठेवण्याची मुभाही दिली. ग्रीन्सबरोच्या खटल्यात १९६३ साली न्यायालयाने ती रद्द ठरवली. २००३ साली जो पासष्टीचा होता, तो १९३८ चा जन्मलेला. त्याचे बालपण आणि तारुण्य या वेगळ्या दारांपुढे गेले. कायदा बदलला, तरी शरीर आपली वर्षे विसरत नाही.

रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि गरिबी हिशेबात धरली, तर काळ्या-गोऱ्यांतला सुमारे निम्मा फरक उलगडतो. उरलेल्या निम्म्याच्या आडून रक्ताचा सिद्धान्त पुन्हा डोके वर काढतो. त्यासाठी रिचर्ड कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९७ चे संशोधन मी महत्त्वाचे मानतो. मूळ एकाच आफ्रिकी वंशाच्या लोकांत उच्च रक्तदाब पश्चिम आफ्रिकेत शेकडा १६, कॅरिबियन बेटांत २६ आणि अमेरिकेत ३३ जणांना आढळला. पूर्वज तेच, बदलला तो मुलूख आणि त्या मुलखातले जगणे. शर्मन जेम्स या काळ्या संशोधकाने तर १९८० च्या दशकात असे मांडले की, हाती साधने नसताना परिस्थितीशी अखंड झुंजत राहणेच रक्तदाब वाढवते. कष्टाळूपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

१९४६ सालीच बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतील काळे आणि येथील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्य त्यांनी त्यात सांगितले आणि काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली. डु बॉइस यांनी उत्तरही दिले. जन्मावर खापर फोडून व्यवस्थेला निर्दोष सोडण्याची रीत दोघांनीही ओळखली होती.

म्हणून मला वाटते, आपल्या चळवळीने डु बॉइस यांच्याकडून निवेदनाइतकीच मोजणीही शिकली पाहिजे. आपल्या वस्तीत लकवा कोणाला झाला, कितव्या वर्षी झाला, तो काय काम करीत होता, त्याचा रक्तदाब आधी कोणी तपासला होता का, हे वस्तीतल्या कार्यकर्त्याने वहीत लिहून ठेवावे. नाहीतर आपल्या मरणाची कारणे उद्या दुसरेच कोणी लिहील, आणि ती पुन्हा आपल्या रक्तातच शोधील.