सुटीच्या पगाराची जुनी बाकी व तिचा पुरावा

पेशवेकालीन दप्तरें चाळणारास थकलेल्या रोजमुऱ्याच्या मागण्या पदोपदीं भेटतात. शिपायाचा पगार महिनेच्या महिने तुंबावा, त्यानें सरदाराच्या दारीं धरणें धरावें, आणि शेवटीं कांहीं रोख, कांहीं वरातेवर घेऊन फारखती लिहून द्यावी, हा प्रकार आमच्या वाचकांस नवा नाहीं. एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत तगाद्याचें जें वर्णन केलें आहे, साध्या मागणीपासून ऋणकोवर पहारा बसवून त्याचें जेवण अडविण्यापर्यंतचें, तेंहि सर्वश्रुत आहे. परंतु हा सर्व केलेल्या चाकरीचा पैसा होय. ज्या दिवशीं विश्रांति घ्यावयाची त्या दिवसाचा पगार मागणें, आणि तोहि अनेक वर्षांनीं, ही गोष्ट निराळी. तिचे कागद मुंबईंत शोधावे लागतात.

१८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें सुमारें ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. त्यांत रविवारच्या सुटीचें कलम आहे. दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति आहे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा असें आहे. कामावर दुखापत झाल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा असेंहि आहे. दुखापतीच्या दिवसांचा पगार मागणारा हा अर्ज रविवारच्या पगाराविषयीं मात्र अक्षरहि बोलत नाहीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली, ती निव्वळ विश्रांति म्हणून. आमच्या मतें ह्या मौनावरून कामगारांस तो पगार नको होता असें अनुमान काढूं नये; आधीं दिवस मिळवावा, मग त्याचें मोल मागावें, असा तो क्रम दिसतो. कारखान्यांतील वार्षिक पगारी सुटी कायद्यांत आली ती १९४५ च्या दुरुस्तीनें.

आतां मुदतीचा प्रश्न. याज्ञवल्क्यानें दुसऱ्याच्या भोगाखालीं गेलेल्या भूमीस वीस व धनास दहा वर्षें सांगितलीं आहेत, हें विद्वानांस ठाऊकच आहे. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यानें स्थावराच्या ताब्यास बारा वर्षें दिलीं. घरगुती नोकर, कारागीर व मजूर यांच्या वेतनास एकच वर्ष! १९३६ च्या वेतन कायद्याखालीं अर्ज करावयाचा तर सहा महिन्यांच्या आंत. (१९६४ सालीं तेथें बारा महिने झाले.) ज्याचें पोट हातावर, त्यास तक्रारीस अवधि सर्वांत थोडा, आणि तीहि नोकरी चालू असतां करावयाची.

ह्या पार्श्वभूमीवर मुंबई गॅस कंपनीचें प्रकरण पाहावें. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ पासून गॅसचे दिवे लागूं लागले. १९५० सालीं औद्योगिक न्यायमंडळाच्या निवाड्यानें ह्या कंपनीच्या कांहीं खात्यांतील कामगारांस रविवारची पगारी सुटी ठरवून दिली. तो पगार आपणांस मिळाला नाहीं, अशी तक्रार घेऊन कामगार मजूर न्यायालयांत गेले ते अनेक वर्षांनीं. त्यांचा आधार औद्योगिक कलह कायद्याचें कलम ३३-क, पोटकलम २, जें १९५६ सालीं घातलें गेलें होतें. इतकी शिळी मागणी ऐकूं नये, निदान मुदतीच्या कायद्याचें १८१ वें कलम लावून तीन वर्षांपलीकडची तरी टाकावी, असा कंपनीचा पक्ष. १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो अमान्य केला. निकाल न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांचा. हे मूळचे साताऱ्याचे, संस्कृत विद्येच्या घराण्यांतले. त्यांनीं केलेला भेद सूक्ष्म आहे : बोनससारखी नवी मागणी उशिरां आणली तर औद्योगिक न्याय तिला उत्तेजन देत नाहीं, पण निवाड्यानें जो हक्क आधींच ठरला, त्याच्या वसुलीस विधिमंडळानें मुदत घातली नसतां न्यायालयानें ती आपल्या पदरची घालूं नये. पुढल्याच वर्षीं, १९६४ सालीं, त्या कलमाच्या पहिल्या पोटकलमास एक वर्षाची मुदत जोडण्यांत आली. दुसरें तसेंच मोकळें राहिलें. निकाल डोळ्यांसमोर असतां तें मोकळें ठेविलें, ही गोष्ट आम्ही महत्त्वाची समजतों.

परंतु संग्राहकांच्या दृष्टीनें खरा पेंच पुढेंच आहे. त्याच १९६४ सालच्या दुरुस्तीनें वेतन कायद्यांत हजेरी व पगाराचीं पुस्तकें शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षें जपावीं असें आलें. म्हणजे एका कायद्यान्वयें मागणी दहा वर्षांनींहि जिवंत राही, आणि दुसऱ्यान्वयें तिचा पुरावा चौथ्या वर्षीं रद्दींत घालण्यास मालक मोकळा असे. कोणत्या रविवारीं कोण कामावर होता, दर काय होता, हें मस्टरावांचून कसें ठरावें? कामगारापाशीं पगाराची चिठ्ठी असेल, बदलीवाल्यापाशीं बदली कार्ड असेल. तेवढाच त्याचा दप्तरखाना. वरात व फारखती ज्या आदरानें आपण जपतों त्या आदरानें हे कागद कोणी जपलेले अद्याप फारसे दिसत नाहींत. गिरणगांवांतील ज्या वाचकांच्या घरीं जुनीं मस्टरें, पगारपत्रकें किंवा अशीं कार्डें असतील, त्यांनीं निदान त्यांची यादी करावी; यादींत खातें, साल व पानांची संख्या यावी, आणि फाटकें पानहि वगळूं नये.