सीमुर्ग

सीमुर्ग (पहलवी रूप : सेनमुर्व) : इराणी परंपरेतील पंखधारी संमिश्र प्राणी. रेशमी कापडावर त्याचे रूप जवळजवळ ठरलेले असते. डोके कुत्र्याचे, पंजे सिंहाचे, अंगाला पंख आणि मोरासारखा वर उचललेला पिसारा. पुढचे दोनच पाय दिसतात. मागचे धड पिसाऱ्यातच विरते.

ग्रंथाधार : अवेस्तेच्या बाराव्या यश्तात वोउरुकश समुद्रातील सर्व बीजांच्या वृक्षावर साएन पक्ष्याचे (सीमुर्गाचे अवेस्ती रूप) स्थान सांगितले आहे. ‘मेनोग-इ-ख्रद’ या पहलवी ग्रंथानुसार तो उडाला की त्या वृक्षाला हजार फांद्या फुटतात आणि तो बसला की हजार मोडून बी विखुरते. ‘बुंदहिश्न’ त्याची गणना वटवाघळासोबत करतो, कारण तोही पिलांना दूध पाजतो. बुंदहिश्नच्या बृहत् पाठाची एक महत्त्वाची हस्तलिखित प्रत मुंबईत 1908 साली छापली गेली. बेहरामगोर अंकलेसरिया यांचे त्याच पाठाचे इंग्रजी भाषांतरही 1956 साली मुंबईतूनच प्रसिद्ध झाले.

वस्त्रे : या प्राण्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा कापडाचाच आहे. केरमानशाहजवळच्या ताक-ए-बुस्तान येथील शिल्पात राजाच्या वस्त्रांवर सीमुर्ग इतक्या बारकाईने कोरले आहेत की दगडावरूनही नक्षी वाचता येते. हा राजा बहुधा दुसरा खुस्रो (राज्यकाल इ. स. 590–628) मानला जातो. समरकंदच्या अफ्रासियाब भित्तिचित्रांत (सातवे शतक) एका राजदूताच्या अंगरख्यावर हीच नक्षी दिसते.

प्रत्यक्ष कापडांत उत्तर कॉकेशसमधील मोश्चेवाया बाल्का येथील थडग्यात सापडलेला अंगरखा अग्रगण्य आहे. तो आठव्या-नवव्या शतकांतला असून सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. कड्याच्या आडोशाला, कोरड्या हवेत राहिल्यामुळे तो पूर्ण वस्त्राच्या रूपात टिकला, आणि म्हणूनच त्याचे मोल फार आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही हिरव्या जमिनीवरील सीमुर्गाचा तुकडा आहे. पॅरिसचा प्रसिद्ध तुकडा सेंट ल्यू चर्चमधून आला. तेथे तो संत हेलेनाच्या अवशेषांसाठी वापरला होता. पूर्वेकडचे उंची रेशीम पवित्र अवशेष गुंडाळण्यासाठी युरोपात जपले गेले, म्हणून आज ते अभ्यासाला मिळते.

वीण : तिरप्या विणीचे, बाण्यावर नक्षी उठवणारे रेशीम. ताण्याचा एक संच कापडाच्या पोटात लपून कोणत्या रंगाचा बाणा वर यावा हे ठरवतो. दुसरा संच बाण्याला बांधून धरतो. त्यामुळे कापडाचा दर्शनी भाग जवळजवळ सगळा बाण्याचाच असतो. नक्षीची मांडणी बहुधा ओळीने वर्तुळांची आणि प्रत्येक वर्तुळात एक प्राणी, अशी असते. ही कापडे इराणात, सोग्दियात की बायझंटाइन मागांवर विणली गेली, याबद्दल एकमत नाही.

ओळखीचा प्रश्न : कापडावरच्या प्राण्याला सेनमुर्व ठरवण्याचे श्रेय मुख्यतः रशियन विदुषी कामिला त्रेवेर यांच्या 1930 च्या दशकातील लेखनाला जाते. मात्तेओ कोंपारेती आदी अभ्यासकांना ही ओळख मान्य नाही. त्यांच्या मते तो प्राणी राजतेजाचे, म्हणजे ‘ख्वर्रह’चे प्रतीक आहे. आजही संग्रहालयांच्या नोंदींत ‘सेनमुर्व’ हेच नाव रूढ आहे. मात्र ते सोयीचे नाव समजूनच वापरावे.

साहित्य : फिर्दौसीच्या ‘शाहनामा’त (पूर्ण 1010) सीमुर्ग एल्बुर्ज पर्वतावर टाकून दिलेल्या पांढऱ्या केसांच्या झालला वाढवतो, रुस्तुमच्या जन्मावेळी पोट चिरून बाळ काढण्याचा मार्ग सांगतो आणि इस्फंदियारविरुद्ध झाऊच्या लाकडाच्या बाणाचे रहस्य देतो. अत्तारच्या ‘मंतिकुत्तैर’मध्ये तो पक्ष्यांचा राजा आहे.

चित्रकला : मंगोल काळापासून चिनी फिनिक्सच्या प्रभावाने लांब, लहरत्या पिसांचा पक्षी.

वास्तू : बुखारा येथील नादिर दिवान-बेगी मदरशाच्या प्रवेशद्वारावर (सतरावे शतक) सीमुर्गांची जोडी आहे.

आधुनिक वापर : तेहरानच्या फज्र चित्रपट महोत्सवातील पुरस्काराचे नाव ‘स्फटिक सीमुर्ग’ आहे.