वाचनालय ‘सार्वजनिक’ म्हणजे नेमकं कोणाचं? वर्गणीच्या वहीतून दिसणारा इतिहास

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावात गेलात तर ‘सार्वजनिक वाचनालय’ अशी एखादी पाटी दिसतेच. खाली बारीक अक्षरात स्थापनेचं सालही असतं. आपण ते साल टिपून घेतो, प्रबंधाच्या पार्श्वभूमीच्या प्रकरणात टाकतो आणि पुढे जातो. आज मला पाटीवरच्या पहिल्याच शब्दापाशी थांबायचंय. सार्वजनिक म्हणजे कोणाचं? पैसे कोण देत होतं, कारभार कोण बघत होतं, आणि पुस्तक घरी कोणाला नेता येत होतं?

आधी सालं बघू. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय आपली स्थापना १८२८ ची सांगतं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पुण्यात १८४८ साली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली. तिच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख पुढे होते, आणि आज तीच संस्था पुणे नगर वाचन मंदिर या नावाने चालू आहे. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. म्हणजे ही चारही वाचनालयं विद्यापीठाच्या आधीची आहेत! अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण अभिमान वाटला की आपण प्रश्न विचारायचं थांबतो, आणि संशोधनात तेच नडतं.

या वाचनालयांना सरकारी अधिकाऱ्यांचं प्रोत्साहन मिळालं, धनिकांच्या देणग्या मिळाल्या. पण रोजचा खर्च चालायचा तो सभासदांच्या वर्गणीवर. जो वर्गणी देईल त्याला पुस्तक घरी नेता येई, वार्षिक सभेत मत देता येई, कार्यकारिणीवर निवडून जाता येई. बाकीच्यांसाठी फार तर वर्तमानपत्रं वाचण्याची मोकळी जागा, ज्याला आपण आजही ‘मुक्तद्वार वाचनालय’ म्हणतो.

म्हणजे ‘सार्वजनिक’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ आपल्या अर्थापेक्षा अरुंद होता. सरकारी नाही, कोणा एकाच्या मालकीचं नाही, चार लोकांनी मिळून चालवलेलं, एवढाच तो अर्थ. शेजारी पुण्याची सार्वजनिक सभा ठेवून बघा. १८७० साली ती निघाली तेव्हा सभासद व्हायला किमान ५० लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ हा प्रश्न सभेने निदान विचारला तरी. वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयात मात्र सभासदाने स्वतःची वर्गणी भरली की झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग हा सगळा वरच्या वर्गाचा क्लबच होता का? इतकं सोपं नाही. कार्यकारिणीची निवडणूक, इतिवृत्त लिहिणं, जमाखर्च सभेपुढे ठेवणं, वार्षिक अहवाल छापणं, या सवयी आपल्याकडे ज्या संस्थांतून रुजल्या त्यात वाचनालयं होती. पुढे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) निघाली, तेव्हा मराठी ग्रंथ एका जागी जमवण्याचं काम लोकांनी स्वतः अंगावर घेतलं. वर्गणीदारांनी हे केलं नसतं तर आपल्यापैकी कितीतरी जणांना आज संदर्भच मिळाले नसते. तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र धरून चालायचं: या संस्था लोकांनी उभ्या केल्या, आणि त्या ‘लोकां’त सगळे लोक नव्हते.

जे नव्हते त्यांनी काय केलं, तेही बघायला हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांमध्ये वसतिगृहं आणि अभ्यासवर्गांबरोबर वाचनालयं काढणंही होतं. गावोगावी ‘सार्वजनिक’ पाट्या असताना वाचनालय हे वेगळं उद्दिष्ट म्हणून लिहावं लागतं, यातच त्या पाट्यांची मर्यादा कळते. तुमचा विषय ग्रंथालयांचा इतिहास असेल तर ही सभा तुमच्या प्रबंधात यायलाच हवी. ती फक्त सामाजिक चळवळीच्या प्रकरणात ठेवून चालणार नाही.

दुसरा रस्ता होता का? होता, आणि फार लांब नव्हता. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ पासून राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. शिकलेली मुलं शाळा सुटल्यावर वाचणार काय, हा पुढचा प्रश्न होता. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालय, गावांतली ग्रंथालयं आणि पेट्यांमधून फिरणारी पुस्तकं अशी साखळी उभी राहिली. गावाने ठरावीक रक्कम जमवली की तेवढीच संस्थान देई आणि तेवढीच स्थानिक मंडळ. लोकांचा सहभाग इथेही आहे, पण वाचायला मिळणं ही राज्याची जबाबदारी ठरली. इथे वाचक आधी येतो, वर्गणीदार नंतर.

मुंबई प्रांतात हा विचार उशिरा आला. बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९३९ साली असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंतची रचना समितीने सुचवली. पण महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि अंमलबजावणीला स्वातंत्र्याच्या सुमारास थोडीफार सुरुवात झाली. दरम्यान कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालय कायदा केला. मद्रासने १९४८ साली केला. मद्रासच्या कायद्यामागे डॉ. रंगनाथन होते, आणि त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला गेला.

महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून लागू झाला. त्यात उपकर नाही. सरकारने गावोगावी स्वतःची ग्रंथालयं काढण्याऐवजी लोकांनी चालवलेल्या संस्थांना मान्यता आणि अनुदान द्यायचं ठरवलं. ‘शासनमान्य, ब वर्ग’ असं पाटीवर लिहिलेलं असतं ना, ते इथून आलं. अ, ब, क, ड हे वर्ग पुस्तकं, सभासद, कामाचे तास वगैरे निकषांवर ठरतात आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं.

माझा मुद्दा आता थोडक्यात मांडता येईल. १९६७ चा कायदा कोऱ्या पाटीवर लिहिलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या वर्गणीदारांच्या वाचनालयाचा साचा त्याने उचलला आणि त्याला सरकारी अनुदान जोडलं. म्हणून आजही कारभार कार्यकारिणीचा, पैसा बराचसा सरकारचा, आणि ग्रंथपाल मधल्यामध्ये. अनुदान अपुरं आहे, वेळेवर मिळत नाही, ग्रंथपालाचा पगार तुटपुंजा आहे, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण त्यांचं मूळ फक्त आजच्या तिजोरीत शोधलं तर अर्धंच सापडेल. वाचन हा नागरिकाचा हक्क की सभासदाची सवलत, हा प्रश्न आपण कधी नीट सोडवलाच नाही.

तुम्हाला एखाद्या वाचनालयावर काम करायचं असेल तर शतकमहोत्सवी स्मरणिकेवर थांबू नका. तिच्यात संस्थापकांचे फोटो असतात, वाचक नसतात. सभासद नोंदवही मागा आणि पत्ते बघा: कुठल्या पेठेतले, कुठल्या आळीतले, आणि कुठल्या वस्तीतलं एकही नाव नाही? स्त्रियांची नावं कधीपासून येतात? जुनी घटना वाचा, म्हणजे सभासदांचे वर्ग आणि मतदानाचा हक्क कळेल. देवघेव रजिस्टर मिळालं तर सोनंच समजा, कारण पुस्तक कपाटात असणं वेगळं आणि कोणीतरी ते नेऊन वाचणं वेगळं. इतिवृत्तात फेटाळलेले अर्ज आणि ठराव शोधा.

आणि हे लवकर करा. पुस्तकांची दाखलनोंद ठेवली जाते, पण जुन्या वह्यांची कोण ठेवणार? इमारत दुरुस्तीला निघाली की पहिली बाहेर पडते ती जुन्या दप्तराची ट्रंक. कार्यवाहांना रीतसर पत्र द्या, तिथेच बसून फोटो घ्या, आणि फोटोंची एक प्रत वाचनालयालाही द्या. गावाच्या वाचनालयात कोणाला जागा होती आणि कोणाला नव्हती, याचा पुरावा अनेकदा त्या एकाच ट्रंकेत असतो. ती रद्दीत गेली, तर ज्यांची नावं वहीत कधी आलीच नाहीत त्यांच्याबद्दल विचारायची सोयही जाईल.