उदय शंकर यांचे सहनर्तक

पॅरिस येथील शांझेलिझे नाट्यगृहांत ३ मार्च १९३१ रोजीं एका हिंदी नृत्यमंडळाचा पहिला प्रयोग झाला. मंडळाचे नायक उदय शंकर. त्यांच्याभोंवतीं जीं माणसें जमलीं होतीं त्यांची चौकशी करूं गेल्यास मोठी मौज वाटते. एक फ्रेंच तरुणी, नायकाचे तीन धाकटे भाऊ, नात्यांतील एक मुलगी, कलकत्त्याचे सरोदवादक तिमिर बरन, आणि हुबळीकडचे पण पंडित विष्णु दिगंबरांच्या तालमींत तयार झालेले विष्णुदास शिराळी. नृत्य हा ज्यांच्या घरांतला पिढीजाद व्यवसाय, असें यांत एकहि माणूस नव्हतें. पडद्यामागें राहून या खटाटोपाला आधार देणारी बाई तर स्वित्झर्लंडची शिल्पकार होती. तिचें नांव ॲलिस बोनर.

नायकाची स्वतःची हकीकतहि याहून निराळी नव्हती. त्यांचा जन्म १९०० सालीं उदयपूर येथें झाला. वडील बॅरिस्टर, झालावाड संस्थानच्या नोकरींत. मुलानें चित्रकार व्हावें म्हणून त्याला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत घातलें, गांधर्व महाविद्यालयांतहि त्यानें कांहीं काळ काढला. १९२० सालीं तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें सर विल्यम रोथेन्स्टाइन यांच्या हाताखालीं चित्रकला शिकूं लागला, आणि १९२३ सालीं सुप्रसिद्ध रशियन नर्तकी ॲना पावलोवा यांनीं त्याला कुंचला खालीं ठेवावयास लावला. 'राधा-कृष्ण' या नृत्यांत पावलोवा राधा आणि हा चित्रकलेचा विद्यार्थी कृष्ण! गुरूपाशीं बसून एक तोडाहि न शिकलेल्या माणसानें युरोपच्या पहिल्या प्रतीच्या रंगभूमीवर पाऊल टाकावें, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

या मंडळाविषयीं बोलतांना जाणत्यांचे दोन पक्ष पडत आले आहेत. एका पक्षाच्या मतें मंडळ म्हणजे केवळ उदय शंकर. बाकीचे लोक देवाच्या मूर्तीमागील प्रभावळीसारखे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ज्यांनीं परंपरेचें शिक्षण घेतलें नाहीं त्यांच्या हालचालींस नृत्य म्हणूंच नये. दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट पाहिलेली दिसत नाहीं. परंपरा पाठीशीं नव्हती म्हणूनच या माणसांना आपलें शरीर अथपासून घडवावें लागलें. आणि असें घडविलेलें शरीर पुढें नाटक, चित्रपट, गायन, बालशिक्षण अशा कोणत्याहि कामास उपयोगीं पडलें. हिशेब मांडावयाचा तर तो या माणसांच्या आयुष्यांवरून मांडला पाहिजे.

प्रथम ती फ्रेंच तरुणी. तिचें खरें नांव सिमोन बार्बिये. रंगभूमीवर ती 'सिम्की' या नांवानें प्रसिद्ध झाली. पॅरिसमध्यें ती पियानो शिकत होती. उदय शंकर यांची गांठ पडल्यावर पियानो मागें पडला. पुढें कित्येक वर्षें पार्वती तीच, राधाहि तीच. साडीची निरी, मानेची लवण आणि हातांची ठेवण तिनें इतकी आत्मसात् केली होती कीं, पाश्चात्य प्रेक्षकांपैकीं अनेकांना ती हिंदी स्त्रीच वाटे. एका परकीय मुलीनें हिंदी देवतेचें रूप धारण करावें आणि तें कोणास खटकूं नये, यांत तिच्या निरीक्षणशक्तीचा विजय आहे. परंतु अशा विजयाला एक कडवट बाजूहि असते. जाहिरातींत नांव नायकाचें, नृत्यरचना नायकाची, आणि जोडीदारीण कितीहि थोर असली तरी इतिहासांत तिच्या वांट्याला एखादीच ओळ. राज कपूर यांच्या १९५१ सालच्या 'आवारा' या बोलपटांतील ढगांचें आणि पायऱ्यांचें स्वप्नदृश्य लाखों लोकांनीं पाहिलें आहे. त्या दृश्याच्या नृत्यदिग्दर्शिका मादाम सिम्की, आणि ही मादाम म्हणजे पॅरिसची ती पियानोची विद्यार्थिनी, हें त्यांतील किती जणांना ठाऊक असेल?

झोहरा मुमताज यांची हकीकत याहून सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९१२ सालीं सहारनपूर येथें जन्म. घराणें रामपूरच्या रोहिल्या पठाणांचें. पडदा पाळणाऱ्या घरांतील ही मुलगी लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजांत शिकली. तेथून तिच्या मामांनीं तिला मोटारीनें, इराण आणि अरब मुलूख ओलांडीत, युरोपकडे नेलें. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं मेरी विगमन या बाईंची आधुनिक नृत्याची शाळा होती. तेथें झोहरा तीन वर्षें शिकल्या. विगमन बाईंचा मार्ग असा कीं, ठरीव मुद्रा नाहींत, ठरीव पदन्यास नाहींत; पोटांतून उठणाऱ्या श्वासाबरोबर हालचाल उपजली पाहिजे. म्हणजे भारतांतील कोणतेंहि नृत्य शिकण्यापूर्वी या मुलीनें युरोपांतलें अत्यंत नवें नृत्य शिकून घेतलें! त्याच शहरांत उदय शंकर यांचा 'शिव-पार्वती' हा प्रयोग तिनें पाहिला. ऑगस्ट १९३५ मध्यें ती मंडळांत दाखल झाली, आणि पुढें जपान, मिसर, युरोप व अमेरिका असे दौरे झाले. धाकटी बहीण उझरा हीहि मागोमाग मंडळांत आली. कुलीन मुसलमान घरांतील दोन बहिणी उघड्या रंगमंचावर नाचतात ही गोष्ट त्या काळीं साधी नव्हती.

एका बाबतींत झोहरा मंडळांतील इतरांहून वेगळ्या होत्या. बाकीचे लोक नायकाकडे पाहून शिकले. या पद्धतशीर शाळेंतून आल्या होत्या, आणि शिकलेलें दुसऱ्यास कसें शिकवावें हें त्यांना कळत होतें. त्याचा उपयोग अल्मोड्यास झाला. त्याकडे वळण्यापूर्वी मंडळांतील दोन मुलांची गोष्ट सांगितली पाहिजे.

पहिली जेसोरची अमला नंदी. तिचे वडील अक्षयकुमार नंदी जवाहिराचे व्यापारी. १९३१ सालीं पॅरिसला जें वसाहतींचें मोठें प्रदर्शन भरलें, त्यासाठीं ते आपल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. तेथें तिची उदय शंकर यांच्या कुटुंबाशीं ओळख झाली आणि घरगुती ओळखींतूनच ती मंडळांत शिरली. 'कालिय-दमन' या नृत्यांत तिनें कालियाचें काम केलें. परत आल्यावर या प्रवासाचें एक पुस्तकहि तिनें बंगालींत लिहिलें. १९४२ सालीं ती उदय शंकर यांची पत्नी झाली.

दुसरा मुलगा नायकाचा सर्वांत धाकटा भाऊ रवीन्द्र. दहा वर्षांचा असतां तो बनारसहून पॅरिसला आला, आणि नाटकगृहें, आगगाड्या व हॉटेलें यांतच त्याचें बालपण गेलें. तो चांगला नाचे. 'चित्रसेन' हें स्वतंत्र नृत्य त्याच्या वांट्याला आलें होतें. उत्तम पोषाख, टाळ्या, वर्तमानपत्रांतील स्तुति असें सर्व कांहीं अठरा वर्षांच्या आंतच मिळालेल्या मुलाचें पुढें काय होतें, हें सांगावयास नको. पण १९३५ सालीं मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खां मंडळाबरोबर दौऱ्यावर आले. खांसाहेबांची शिस्त कडक, राहणी फकिराची. त्या सहवासानें मुलाच्या मनांत असें कांहीं पेरलें गेलें कीं, १९३८ सालीं तो नृत्य सोडून मैहरला गेला आणि सतार घेऊन बसला. पंडित रविशंकर म्हणून जगानें ओळखला तो हाच. मंडळानें एक नर्तक गमावला. परंतु रंगमंचावर कसें बसावें, प्रयोगाची वेळ कशी पाळावी, परक्या श्रोत्यास कसें हातीं धरावें, हें सारें ज्ञान तो मंडळांतूनच घेऊन गेला होता.

इंग्लंडांतील डार्टिंग्टन हॉलचे एल्महर्स्ट दांपत्य व इतर पाश्चात्य मित्र यांच्या द्रव्यसाहाय्यानें अल्मोड्याजवळ, हिमशिखरांच्या समोर, उदय शंकर यांनीं संस्कृतिकेन्द्र काढलें. आपल्याला जें मिळालें नाहीं तें पुढच्यांना मिळावें, अशी इच्छा त्यामागें होती असें मानण्यास हरकत नाहीं. कारण गुरू जमविले ते सगळे अस्सल परंपरेचे: कथकलीसाठीं शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यासाठीं कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठीं अमुबी सिंग आणि संगीतासाठीं खुद्द अल्लाउद्दीन खां. पण या तिन्ही शैली शिकून विद्यार्थ्यानें त्यांतील एकीचा बंदा व्हावें, असा हेतु नव्हता. रोज एक सामान्य वर्ग भरे. त्यांत चालावें कसें, थांबावें कसें, पाठीचा कणा कसा ठेवावा, येथपासून आरंभ. त्याखेरीज खुद्द उदय शंकर यांचा उत्स्फूर्त रचनेचा वर्ग असे. झोहरा यांनीं शिक्षणाचा पांच वर्षांचा क्रम तयार केला. त्यांत त्यांचे साहाय्यक होते इंदूरचे कामेश्वर सहगल, शास्त्र शिकलेले, चित्रकार आणि नर्तक. या दोघांचा विवाह १४ ऑगस्ट १९४२ रोजीं झाला. समारंभाला पंडित जवाहरलाल नेहरू यावयाचे होते. परंतु 'चले जाव'चा ठराव होऊन त्याआधींच त्यांना अटक झाली होती.

केन्द्र १९४४ सालीं बंद पडलें. महायुद्धाचे दिवस, पैशाची ओढाताण, हीं कारणें खरींच आहेत. तरी नायकाचें मन तोंवर 'कल्पना' या चित्रपटाकडे वळलें होतें हेंहि विसरून चालणार नाहीं. पांच वर्षांचा क्रम आंखलेल्या शाळेला आपला क्रम एकदांहि पुरा करतां आला नाहीं. विशीच्या आंतबाहेरचीं मुलेंमुली, हातीं कोणती पदवी नाहीं, पाठीशीं कोणतें घराणें नाहीं, अशा स्थितींत डोंगर उतरून खालीं आलीं. त्यांतील पुष्कळांची वाट मुंबईकडे वळली.

कुमिल्ल्याचे शांति वर्धन अंधेरीस इप्टा, म्हणजे जननाट्यसंघ, याच्या मध्यवर्ती पथकांत गेले. तेथें 'स्पिरिट ऑफ इंडिया' आणि 'इंडिया इम्मॉर्टल' हीं नृत्यनाट्यें त्यांनीं बसविलीं. दुसऱ्याचें संगीत होतें मैहरहून आलेल्या रविशंकरांचें. बंगालच्या दुष्काळानें हादरलेल्या त्या काळांत नृत्य हें करमणुकीचें साधन न राहतां हांक मारण्याचें साधन झालें. १९५२ सालीं त्यांनीं लिटल् बॅले ट्रूप स्थापिला. त्यांतील 'रामायण' हा प्रयोग कल्पकतेचा कळस आहे. सर्व पात्रें कळसूत्री बाहुल्या बनून नाचतात. चेहऱ्यावर चौकोनी मुखवटे, सांधे दोरीनें ओढल्यासारखे. ज्या नर्तकाचें स्वतःचें शरीर क्षयानें पोखरलें होतें त्यानें माणसांना लाकडी बाहुल्यांची चाल शिकवावी, ही गोष्ट मनाला चटका लावते. १९५४ सालीं 'पंचतंत्रा'ची जुळवाजुळव चालू असतांच ते वारले. त्यांची पत्नी गुल आणि अल्मोड्याचेच प्रभात गांगुली यांनीं मंडळ चालविलें. तें पुढें ग्वाल्हेरला आणि तेथून भोपाळला गेलें.

गुरुदत्त पदुकोण हा अल्मोड्याचा आणखी एक विद्यार्थी. केन्द्र बंद झाल्यावर त्यानें पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनींत नोकरी धरली, आणि 'हम एक हैं' (१९४६) या चित्रपटाचीं नृत्यें बसविलीं. दिग्दर्शक झाल्यावर 'बाजी' (१९५१) या आपल्या पहिल्याच चित्रपटाच्या नृत्यांसाठीं त्यानें कोणाला बोलावलें? झोहरा सहगल यांना! त्या अल्मोडा सोडून लाहोरला गेल्या होत्या. तेथें पतीसह काढलेली नृत्यशाळा जातीय तेढीमुळें बंद करून त्या मुंबईस आल्या, आणि १९४५ पासून चौदा वर्षें पृथ्वी थिएटर्समध्यें राहिल्या. पृथ्वीराजांच्या नाटकांत नायिका बहुधा उझरा असत, आणि झोहरा इतर भूमिका व नृत्यें सांभाळीत. फाळणीनें पुढें या बहिणींमध्यें सरहद्द आणली. उझरा १९६४ सालीं पाकिस्तानांत गेल्या. जवळजवळ तीस वर्षांनंतर, १९९३ सालीं, 'एक थी नानी' या नाटकांत दोघी म्हाताऱ्या बहिणी एका रंगमंचावर पुन्हां उभ्या राहिल्या. झोहरा २०१४ सालीं, वयाच्या एकशेंदोनाव्या वर्षीं वारल्या. म्हातारपणींच्या त्यांच्या चित्रपटांत त्या नुसत्या खोलींत शिरल्या तरी प्रेक्षकाची नजर तिकडे वळे. तें चालणें कोठें शिकलें गेलें होतें, हें आतां निराळें सांगावयास नको.

लक्ष्मी शास्त्री या तमिळ मुलीची कथा रविशंकरांच्या कथेची जणू दुसरी बाजू. ती कंदप्पांची शिष्या. १९४१ सालीं राजेन्द्र शंकर यांच्याशीं तिचा विवाह झाला. आजारानें नृत्य कायमचें सुटलें, तेव्हां त्यांनीं पतियाळा घराण्याची गायकी शिकावयास घेतली, आणि लक्ष्मी शंकर म्हणून त्या हिंदुस्थानी गायिकांत मान्यता पावल्या. सचिन शंकर यांनीं १९५३ सालीं मुंबईंत स्वतःचें नृत्यपथक काढलें. नरेन्द्र शर्मा आणि सुंदरी श्रीधराणी दिल्लीस गेले. पहिल्यांनीं मुलांना नृत्य शिकविण्यांत हयात घालविली, तर दुसरींनीं १९५० सालीं त्रिवेणी कला संगम उभें केलें. शिराळी 'कल्पना'चें संगीत करून पुढें सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें संगीतदिग्दर्शक झाले.

या यादींत उणीव आहे ती एकच. उदय शंकर यांचें 'इंद्र' किंवा 'कार्तिकेय' हें नृत्य जसेंच्या तसें पुढें चालविणारा शिष्य यांत दिसत नाहीं. घराण्यांत एखादी चीज तीनशें वर्षें टिकते, कारण ती बिघडूं न देणें हेंच शिष्याचें व्रत असतें. अल्मोड्यास शिकविलें गेलें तें याच्या उलट: आपलें आपण रचा. शिष्यांनीं गुरूची आज्ञा इतकी तंतोतंत पाळली कीं, गुरूच्या रचना मात्र मागें उरल्या नाहींत. १९४८ सालीं मद्रासच्या जेमिनी स्टुडिओंत पुरा झालेला 'कल्पना' हा चित्रपट हाच काय तो मोठा पुरावा, आणि तोहि धंद्याच्या दृष्टीनें बुडाला. उदय शंकर १९७७ सालीं वारले. कलकत्त्यास १९६५ पासून नृत्यशाळा चालविणाऱ्या अमला शंकर मात्र पुष्कळ वर्षें राहिल्या. 'कल्पना'ची जीर्ण झालेली फीत दुरुस्त करून २०१२ सालीं फ्रान्समधील कान महोत्सवांत दाखविण्यांत आली, तेव्हां ब्याण्णव वर्षांच्या अमलाबाई तेथें हजर होत्या. पडद्यावर नाचणारी नायिका त्याच होत्या.