दमा : आजारापेक्षा गैरसमजच घातक

पावसाळी हवा दाटून आली किंवा दिवाळीच्या फटाक्यांचा धूर पसरला की दवाखान्यांत धाप लागलेल्या रुग्णांची संख्या वाढू लागते. खोकल्याची उबळ, छातीतील घरघर आणि पहाटे श्वास कोंडून येणारी जाग ही दम्याची परिचित लक्षणे. आजार जुना असला, तरी त्याविषयीचे गैरसमज अद्याप कायम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक रुग्ण त्यास बळी पडले. योग्य उपचार वेळेवर मिळाल्यास यांतील अनेक मृत्यू टळू शकतात.

दमा म्हणजे काय?

दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज असते. अशा हळव्या नलिकांचा धूळ, धूर, परागकण, बुरशी, गादीतील सूक्ष्म कीटक, झुरळे, थंड हवा किंवा सर्दीच्या विषाणूंशी संबंध आला की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, कफ वाढतो आणि हवेची वाट अरुंद होते. विशेषतः श्वास सोडणे कठीण जाते. आनुवंशिकता हे एक कारण असले, तरी घराण्यात कोणालाही दमा नसताना तो होऊ शकतो. निदानासाठी स्पायरोमेट्री ही फुंकर मारून करावयाची चाचणी उपयुक्त ठरते.

गैरसमज आणि वस्तुस्थिती

दमा संसर्गजन्य आहे, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. रुग्णाजवळ बसल्याने वा त्याच्या ताटात जेवल्याने तो होत नाही. मात्र या भीतीपोटी, विशेषतः मुलीचे लग्न ठरण्यात अडचण येईल म्हणून, आजार लपवला जातो आणि उपचार लांबतात.

'पंपाची सवय लागते', 'पंप हा अखेरचा उपाय' हे समज सर्वाधिक नुकसान करतात. पंपातील औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते, त्यामुळे अत्यल्प मात्रा पुरते. तीव्र झटक्यात प्रौढ रुग्णाला स्टेरॉइडच्या गोळ्या दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम द्याव्या लागतात. पंपातील बुडेसोनाइडची कमी मात्रा दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, हे लक्षात घेतले म्हणजे स्टेरॉइडची भीती किती अवाजवी आहे ते कळते. पंपानंतर चूळ भरल्यास तोंडात बुरशी होण्याचा धोकाही कमी होतो.

बरे वाटताच औषध बंद करणे ही आणखी एक चूक. त्रास थांबला तरी सूज टिकून असते. केवळ तात्काळ आराम देणाऱ्या पंपावर विसंबणे धोक्याचे असल्याने, प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना सूज कमी करणारे औषधही मिळालेच पाहिजे, अशी शिफारस 'जिना' या जागतिक संस्थेने २०१९ पासून केली आहे.

दमेकऱ्याने खेळू नये, हेही खरे नाही. लहानपणापासून दमा असलेल्या ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांनी २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. तो १६ वर्षे अबाधित होता.

मृगाच्या सुमारास हैदराबादेत औषध भरलेला जिवंत मासा गिळण्यासाठी मोठी गर्दी होते. या उपायाचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. त्यावर विश्वास ठेवून नियमित औषध सोडणे जिवावर बेतू शकते. केळी, दही सरसकट बंद करण्याचीही गरज नाही. ज्या पदार्थाने खरोखर त्रास होतो, तोच टाळावा.

धोक्याची चिन्हे

एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, ग्लानी येणे किंवा पंप घेऊनही आराम न पडणे ही तीव्र झटक्याची चिन्हे होत. अशा वेळी रुग्णाला आडवे न निजवता ताठ बसवावे, शक्यतो स्पेसर लावून पंप द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दमा समूळ नष्ट करणारे औषध आज उपलब्ध नाही. परंतु तो पूर्णपणे आटोक्यात ठेवता येतो. त्यासाठी पंप पिशवीच्या तळाशी दडवून न ठेवता, चष्म्यासारखा निःसंकोच वापरला गेला पाहिजे.